निर्णयापासून प्रश्नाकडे : विपणन संशोधन-प्रकल्पाची आखणी आणि कार्यवाही

एखादी वस्तू किंवा सेवा कोणासाठी, कोणत्या रूपात, कोणत्या किमतीला आणि कोणत्या मार्गाने बाजारात आणावी हे ठरवण्यासाठी ग्राहक, विक्रेते आणि स्पर्धक यांच्याविषयीची माहिती पद्धतशीरपणे गोळा करणे, ती पारखून घेणे आणि तिचा अर्थ लावणे, या सर्व व्यवहाराला विपणन संशोधन असे म्हणतात. मुरलेल्या व्यापाऱ्याला बाजाराचे ज्ञान नसते असे नाही. किंबहुना गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढताच त्याला काय हवे आहे हे ओळखणाऱ्या दुकानदाराजवळची जाण अनेक जाडजूड अहवालांतही सापडत नाही. मात्र ती जाण दुकानात येणाऱ्या माणसांपुरती असते, आणि जी माणसे दुकानात येतच नाहीत, किंवा येऊनही एखाद्या मालाकडे वळून पाहत नाहीत, त्यांच्याविषयी तिला काहीच सांगता येत नाही. विपणन संशोधनाची गरज नेमकी तेथे सुरू होते. संशोधन-प्रकल्प म्हणजे अशा एका ठरावीक प्रश्नासाठी, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या खर्चात हाती घेतलेली चौकशी होय. तिचा आराखडा आधी कागदावर असतो, तिची पद्धत दुसऱ्या कोणालाही तपासता येते, आणि तिच्या निष्कर्षांची जबाबदारी कोणीतरी नावानिशी स्वीकारलेली असते.

प्रस्तुत ग्रंथाची भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. प्रकल्पाचे भवितव्य बहुतांशी पहिली मुलाखत होण्यापूर्वीच ठरते आणि जे उरते ते मुलाखत घेणाऱ्या माणसाच्या हाती असते. संगणकावर होणारे विश्लेषण, ज्याला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत सर्वाधिक पाने मिळतात, ते या दोन टप्प्यांवर राहून गेलेले दोष भरून काढू शकत नाही. म्हणूनच या ग्रंथात सूत्रांपेक्षा आखणीला आणि क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष घरोघरी व बाजारात जाऊन केल्या जाणाऱ्या कामाला, अधिक जागा दिली आहे.

या व्यवसायाचा आरंभ सांगताना अमेरिकेतील कर्टिस पब्लिशिंग कंपनीने 1911 मध्ये चार्ल्स कूलिज पार्लिन यांच्याकडे सोपवलेल्या व्यापारी संशोधन विभागाचा उल्लेख बहुतेक पाठ्यपुस्तकांत येतो, आणि तो योग्यच आहे. भारतातील परंपरेचे मूळ मात्र निराळे असून ते शेतमालाच्या बाजारात आहे. शेतीविषयक शाही आयोगाने 1928 च्या अहवालात शेतमालाच्या विपणनाच्या पाहण्या करण्याची निकड मांडली, 1935 मध्ये केंद्र सरकारचे पणन कार्यालय सुरू झाले आणि पुढे गव्हासारख्या पिकांच्या विपणनाविषयीचे त्याचे सविस्तर अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. महाराष्ट्रात तर हे काम त्याहीआधी सुरू झाले होते. 1930 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली जी अगदी पहिली प्रकाशने काढली, त्यांत पुण्यातील फळांच्या विपणनाची 1933 मधील पाहणी आहे. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी 1931 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, बंगालमधील तागाच्या क्षेत्राचा अंदाज नमुना पाहणीने काढण्याची पद्धत बसवली आणि 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू करण्यात पुढाकार घेतला. त्यानंतर 1960 मध्ये बडोद्यात साराभाई उद्योगसमूहाने स्थापन केलेला ऑपरेशन्स रिसर्च ग्रूप आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी मुंबईत उभा राहिलेला इंडियन मार्केट रिसर्च ब्यूरो यांनी साबण, चहा, वृत्तपत्रे आणि औषधे यांच्या बाजारपेठांसाठी याच धर्तीचे काम व्यावसायिक तत्त्वावर चालवले. विपणन संशोधन हे परदेशी कंपन्यांबरोबर आलेले आयते तंत्र आहे, असा जो समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो तो या इतिहासामुळे दूर व्हावा. नमुना पाहणीच्या शास्त्रात या देशाने जगाला दिले आहे, आणि त्यातील काही देणे साताऱ्याच्या मातीतून आलेले आहे, हे पुढे दिसेल.

आखणीच्या विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण हाताशी असणे सोयीचे ठरेल. समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एक लहान प्रक्रिया उद्योग अमृत कोकम, म्हणजे साखर घालून केलेले कोकमाचे घट्ट सरबत, तयार करतो, त्याचा माल कोकणात आणि मुंबईतील कोकणी वस्तीत चांगला खपतो, परंतु पुण्यात दोन वर्षे प्रयत्न करूनही तो दुकानांच्या फळीवरच पडून राहतो. मालक संशोधकाकडे येतो तो 'पुण्यात आमचे सरबत का खपत नाही ते शोधून द्या' अशी मागणी घेऊन. ही मागणी समजण्यासारखी असली तरी तो संशोधनाचा प्रश्न नाही. ते लक्षण आहे. संशोधकाने विचारायचे ते हे की, उत्तर मिळाल्यावर मालकाला काय काय करणे शक्य आहे. तो बाटलीचा आकार लहान करू शकतो का, किंमत उतरवू शकतो का, किराणा दुकानांऐवजी रसवंतीगृहे आणि खाणावळी यांच्याकडे वळू शकतो का, की पुणे सोडून देऊन तोच पैसा ठाण्यात घालण्याची त्याची तयारी आहे? ज्या गोष्टी मालक कोणत्याही परिस्थितीत बदलणार नाही त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे उत्तरदात्याचा वेळ आणि मालकाचा पैसा वाया घालवणे होय. मालकासमोरचे पर्याय स्पष्ट झाले की मगच 'लहान बाटली काढल्यास आजवर हे सरबत न घेतलेली किती घरे ते घेऊन पाहतील' असा प्रश्न आकाराला येतो, ज्याचे उत्तर मोजता येते आणि ज्याच्या उत्तरावर काहीतरी अवलंबून असते.

हा टप्पा चुकला तर केवढी हानी होते याचे सर्वपरिचित उदाहरण कोका-कोला कंपनीचे आहे. पेप्सीच्या वाढत्या स्पर्धेला उत्तर म्हणून कंपनीने नवे, अधिक गोड मिश्रण तयार केले, सुमारे दोन लाख लोकांवर चवीच्या चाचण्या घेतल्या, त्यांत नव्या चवीला जुन्या कोकपेक्षा आणि पेप्सीपेक्षाही अधिक पसंती मिळाली, आणि 23 एप्रिल 1985 रोजी जुने पेय बंद करून नवे बाजारात आणले गेले. ग्राहकांचा रोष इतका अनावर झाला की तीन महिन्यांच्या आतच, जुलैमध्ये, जुने पेय 'क्लासिक' या नावाने परत आणावे लागले. चाचण्यांचा आकार लहान नव्हता आणि मोजणीही चुकली नव्हती. चाचणीत विचारलेला प्रश्न 'यांतील कोणती चव आवडली' हा होता, तर कंपनी घेत असलेला निर्णय 'जुने पेय कायमचे काढून घ्यावे का' हा होता. या दोहोंमधील अंतर दोन लाख उत्तरांनीही भरून निघाले नाही.

अशा चुका टाळण्याचा एक खात्रीचा उपाय अॅलन अँड्रिएसन यांनी 1985 मध्येच एका लेखात मांडला होता, तो म्हणजे संशोधनाची आखणी शेवटापासून सुरुवातीकडे करणे. त्यांच्या मते संशोधकाने आधी अंतिम अहवालातील कोष्टके रिकामी आखून निर्णय घेणाऱ्यासमोर ठेवावीत, त्यांत काल्पनिक आकडे भरून 'असे आले तर काय कराल, आणि याच्या उलट आले तर काय कराल' असे विचारावे, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच येत असेल तर ते कोष्टक व त्यासाठीचा प्रश्न काढून टाकावा. कोकमाच्या उदाहरणात 'सरबत घेऊन पाहणाऱ्या घरांचे प्रमाण 10 टक्के निघाले तर आणि 40 टक्के निघाले तर' अशा दोन्ही शक्यतांवर मालकाला आधीच बोलते करणे म्हणजेच आखणी. हे काम कंटाळवाणे वाटते, निर्णय घेणाऱ्याला ते अडचणीचेही वाटते, कारण त्याला आपला विचार मुदतीपूर्वी उघड करावा लागतो. परंतु प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांमध्ये सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक फळ देणारा टप्पा हाच आहे. मालक आणि संशोधक यांच्यात ठरलेल्या या गोष्टींचा लेखी मसुदा, ज्याला व्यवसायात 'ब्रीफ' म्हणतात, तो दोघांच्या सहीने पक्का झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

यानंतर आधीच उपलब्ध असलेल्या माहितीचा शोध घ्यावा, जिला दुय्यम माहिती म्हणतात: जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणीचे उपभोग-खर्चाचे अहवाल, उद्योगाच्या स्वतःच्या विक्रीच्या वह्या. यांपैकी शेवटच्या साधनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कोकमाच्या मालकाने आपल्या बिलांवरून दुकाननिहाय आणि महिनानिहाय विक्री काढली, तर माल सगळीकडे अडला आहे की काही पेठांत खपून उपनगरांत अडला आहे, एवढे तरी एकही मुलाखत न घेता कळते.

संशोधनाचे स्वरूप प्रश्नाप्रमाणे बदलते. विषयाची जाणच अपुरी असते तेव्हा समन्वेषक, म्हणजे वाट शोधणारे, संशोधन करावे लागते. आठ-दहा जणांना एकत्र बसवून घडवलेली गटचर्चा आणि एकेका व्यक्तीची सखोल मुलाखत ही त्याची मुख्य साधने. पुण्यातील ज्या घरांत कोकम फक्त आमटीत पडते, त्या घरांना ते पिण्याची वस्तू वाटते का, पित्तावरचे औषध वाटते का, की पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची गोष्ट वाटते, हे गटचर्चेतच बाहेर येते. परंतु चार गटांत मिळालेल्या होकारांची टक्केवारी काढण्याचा मोह संशोधकाने आवरला पाहिजे, कारण ती माणसे कोणाचेही प्रतिनिधित्व करण्यासाठी निवडलेली नसतात. किती जणांना काय वाटते हे मोजणारे संशोधन वर्णनात्मक होय, आणि एका गोष्टीमुळे दुसरी घडते का हे तपासणारे कार्यकारणात्मक. तिसऱ्या प्रकाराला प्रयोग लागतो: काही दुकानांत लहान बाटली एका किमतीला आणि तशाच इतर दुकानांत दुसऱ्या किमतीला ठेवायची, काही आठवड्यांनी किमतींची अदलाबदल करायची, आणि विक्रीतील फरक पाहायचा. 'ही बाटली तुम्ही विकत घ्याल का' या प्रश्नाला लोक सढळपणे होकार देतात, विशेषतः विचारणारा दारात उभा असतो आणि नाही म्हणणे जिवावर येते तेव्हा. खिशातून पैसे काढण्याची वेळ आली की त्या होकारांतील थोडेच टिकतात. म्हणून किमतीचा निर्णय शक्य असेल तेव्हा प्रयोगावर सोपवावा, असे या ग्रंथाचे आग्रहाचे सांगणे आहे.

नमुना निवड, म्हणजे सर्व समूहाऐवजी त्याच्या एका भागाचीच पाहणी करून समूहाविषयी अनुमान काढणे, हा विषय सर्वांत अधिक गैरसमजांनी वेढलेला आहे. पहिला गैरसमज असा की मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना. अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, त्यांपैकी वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि त्यांच्या आधारे लँडन विजयी होणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. नावे दूरध्वनीच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, म्हणजे मंदीच्या काळात सुस्थितीत असलेल्यांची होती, आणि पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारेही एका बाजूचे अधिक होते. याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

दुसरा गैरसमज असा की नमुन्याचा आकार समूहाच्या आकाराच्या प्रमाणात असावा. यादृच्छिक निवडीत, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची समान संधी देणाऱ्या निवडीत, 400 घरांच्या पाहणीतून निघालेल्या टक्केवारीत 95 टक्के खात्रीने अधिकउणे सुमारे 5 टक्क्यांची चूक संभवते, मग शहर पुणे असो की सोलापूर. ही चूक निम्मी, म्हणजे अडीच टक्क्यांवर, आणायची तर 800 घरे पुरत नाहीत, 1600 लागतात; कारण चूक नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. शिवाय खर्च वाचवण्यासाठी एकाच गल्लीतील पाच-सहा घरे एकत्र घेतली, तर शेजारी परस्परांसारखे असल्यामुळे चूक या हिशेबापेक्षा वाढते. हे गणित मालकाला आधी समजावून दिले की 'नमुना किती घ्यायचा' हा प्रश्न 'किती चूक परवडेल' या योग्य प्रश्नात बदलतो.

खरी अडचण मात्र गणिताची नसून यादीची असते. ज्या यादीतून नमुना काढायचा तिला नमुना-चौकट म्हणतात, आणि भारतात शहरी घरांची परिपूर्ण चौकट कोठेच तयार मिळत नाही. मतदार यादी सर्वांत सुलभ, परंतु वाकड-हिंजवडीच्या भाड्याच्या सदनिकांत राहणाऱ्या आणि गावाकडे नाव असलेल्या हजारो तरुणांचा तिच्यात पत्ता नसतो. कोकमाच्या मालकाला जे नवे गिऱ्हाईक हवे आहे तेच नेमके त्या यादीतून निसटते. जनगणनेचे गट वापरावेत तर 2011 नंतर शहराच्या कडा कोठल्या कोठे पसरल्या आहेत. मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकावर पहारेकरी अडवतो, आणि सोसायटीच्या सचिवाची परवानगी मिळेपर्यंत क्षेत्रकार्याची मुदत संपते, त्यामुळे बऱ्याच शहरी पाहण्यांत वरच्या उत्पन्नाची घरे कमी आणि चाळी-वाड्यांतली अधिक येतात. ग्रामीण भागात काळाची निवडही नमुन्याची निवड ठरते. बीड जिल्ह्यातील गावांत दिवाळीनंतर पाहणी केली तर ऊसतोडीसाठी कारखान्यांवर गेलेली कुटुंबे घरी सापडत नाहीत, आणि मागे राहिलेल्या घरांची सरासरी ही गावाची सरासरी म्हणून छापली जाते. अशा उणिवा पूर्णपणे टाळता येत नाहीत. त्या ओळखणे, शक्य तेथे दुसऱ्या यादीची जोड देणे आणि अहवालात त्या जशाच्या तशा नोंदवणे हे मात्र संशोधकाच्या हाती असते.

घर निवडले तरी घरातील कोण, हा प्रश्न उरतो. दार उघडणाऱ्याशीच बोलले तर दुपारी घरी असणाऱ्यांचीच मते गोळा होतात. यासाठी लेस्ली किश यांनी 1949 मध्ये मांडलेले कोष्टक जगभर वापरले जाते. घरातील पात्र व्यक्ती वयानुसार क्रमाने लिहून कोष्टकावरून एकीची निवड करायची, आणि ती घरी नसेल तर पुन्हा यायचे, असा त्याचा नियम आहे. उत्तरदात्यांची आर्थिक वर्गवारी करण्यासाठी भारतीय संशोधन संस्थांनी 2011 मध्ये जी पद्धत स्वीकारली तीही येथे सांगितली पाहिजे: उत्पन्न विचारल्यास खरे उत्तर क्वचितच मिळते, म्हणून घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि पंखा, शीतकपाट, दुचाकी, शेतजमीन अशा ठरलेल्या 11 गोष्टींपैकी घरात असलेल्यांची संख्या, या दोन कसोट्यांवर घरांचे 12 वर्ग पाडले जातात. पंख्याविषयी खोटे बोलण्याचे कोणाला कारण नसते, हा त्या पद्धतीमागचा साधा आणि शहाणा विचार आहे.

प्रश्नावली तयार करणे हे भाषेचे काम आहे, आणि ते इंग्रजीत लिहून भाषांतरकाराकडे सोपवण्याची जी प्रथा रूढ आहे तिच्यामुळे मराठी उत्तरदात्याची फार गैरसोय होते. 'तुमच्या कुटुंबात किती माणसे' या प्रश्नाला एक जण मुंबईत नोकरी करणाऱ्या भावासकट सारी माणसे सांगतो, तर दुसरा फक्त घरात राहणारी. पाहणीला जो घटक अभिप्रेत असतो तो एका चुलीवर जेवणाऱ्यांचा, आणि तो तसाच विचारला तर कोणाचाही गोंधळ होत नाही. प्रश्नात दोन गोष्टी एकत्र बांधू नयेत, उत्तर सुचवू नये, मालाचे नाव फार लवकर उघड करू नये, हे नियम प्रत्येक पुस्तकात सापडतात. कालावधीचा प्रश्न मात्र अधिक सूक्ष्म आहे. 'गेल्या महिन्यात किती सरबत आणले' आणि 'गेल्या आठवड्यात किती आणले' या दोन प्रश्नांची उत्तरे चाराच्या पटीत येतील असे मानणे चुकीचे आहे, कारण जुने विसरले जाते आणि अलीकडचे फुगते. भारताच्या आर्थिक इतिहासात याचा धडा मोठी किंमत देऊन मिळाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 55 व्या फेरीत, 1999-2000 मध्ये, अन्नखर्चाचे 7 दिवसांचे आणि 30 दिवसांचे असे दोन्ही कालावधी एकाच पत्रकात शेजारी शेजारी विचारले गेले. उत्तर देणारा आणि लिहिणारा या दोघांकडूनही एका आकड्याचा दुसऱ्याशी मेळ घातला जाणे स्वाभाविक होते, आणि त्यामुळे आधीच्या फेऱ्यांशी तुलना करून देशातील दारिद्र्य किती घटले हे सांगणेच कठीण झाले. अर्थतज्ज्ञांमध्ये त्यावरून जो वाद झाला तो पुढे कित्येक वर्षे चालला. पत्रकातील एका जादा रकान्याने एवढा परिणाम घडवला असेल, तर प्रश्नावलीची पूर्वचाचणी, म्हणजे मुख्य पाहणीपूर्वी वीस-पंचवीस घरांत ती वापरून पाहणे, ही चैन मानता येणार नाही.

क्षेत्रकार्याकडे वळताना सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या कामाचे स्मरण करणे आवश्यक आहे. पिकाच्या उताऱ्याचा अंदाज काढण्यासाठी शेतात एक छोटा तुकडा आखून त्यातील पीक कापून तोलण्याची पद्धत होती. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिले की हा तुकडा फार लहान असला की उतारा सातत्याने अधिक येतो, कारण तुकड्याच्या कडेवर असलेली रोपे आत धरायची की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा माणूस ती आत धरतो. तुकडा लहान तेवढी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी, आणि चूकही मोठी. यात कोणाचीही लबाडी नव्हती. शेतात उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसाचा हातही एका दिशेने झुकतो, आणि नमुना वाढवला तरी तो झुकाव कमी होत नाही, हा त्या संशोधनाचा विपणन संशोधनासाठीचा अर्थ आहे. महालनोबीस यांचा तुकड्यांच्या आकाराविषयी सुखात्मे यांच्याशी मतभेद होता, परंतु माणसाच्या हातून होणाऱ्या चुका पकडण्याची त्यांनी काढलेली युक्ती तितकीच मोलाची आहे: एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने काढायचे, दोन वेगळ्या पथकांना ते द्यायचे, आणि दोघांचे निष्कर्ष समोरासमोर ठेवायचे. अंतर फार पडले तर दोष कोठे आहे हे शोधता येते. एकाच पथकाने सर्व काम केले असते तर तो दोष कोणाच्या लक्षातच आला नसता.

दारोदार जाऊन मुलाखती घेणारी मुले-मुली हा या व्यवसायाचा पाया असून त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हे येथे स्पष्टपणे नोंदवणे भाग आहे. त्यांना बहुधा भरलेल्या पत्रकागणिक पैसे मिळतात, प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकले जाते, आणि उन्हात चार मजले चढून गेल्यावर निवडलेली व्यक्ती घरी नसली तर पुन्हा येण्याचा मोबदला कोणी देत नाही. अशा परिस्थितीत शेजारच्या घरात काम उरकणे किंवा पत्रकाचा उत्तरार्ध अंदाजाने भरणे हा व्यक्तीचा दोष मानण्यापेक्षा योजनेचा दोष मानला पाहिजे. दिवसाच्या हिशेबाने वेतन, पुन्हा भेट देण्यासाठी वेगळी तरतूद, काही टक्के घरांशी पर्यवेक्षकाने पुन्हा संपर्क साधून केलेली पडताळणी, जिला व्यवसायात 'बॅक-चेक' म्हणतात, आणि टॅब्लेटवर मुलाखत घेतली जात असल्यास तिचा कालावधी व ठिकाण यांची नोंद, एवढ्या गोष्टी अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच लिहिलेल्या असाव्यात. कोकमाच्या पाहणीत अंदाजपत्रक अपुरे पडत असेल तर 400 घरांऐवजी 250 घरे घ्यावीत आणि त्या घरांत नीट जावे. त्याने नमुन्याची चूक 5 वरून सुमारे 6 टक्क्यांवर जाईल, परंतु भरवशाच्या उत्तरांच्या बदल्यात ती स्वस्त आहे.

विश्लेषणाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पत्रके तपासून त्यांतील विसंगती काढणे, मोकळ्या उत्तरांना संकेतांक देणे आणि सारणी तयार करणे ही कामे आधी आखलेल्या रिकाम्या कोष्टकांनुसार झाली तर जलद होतात. प्रत्येक टक्केवारीखाली ती किती उत्तरांवर आधारलेली आहे तो आकडा छापावा. 'कोकणाबाहेरून आलेल्या 25 वर्षांखालील स्त्रियांपैकी 58 टक्के' या वाक्यामागे बारा स्त्रिया असतील तर ते वाक्य अहवालात नसणेच बरे. अहवालाचा आरंभ निर्णयापासून व्हावा, पद्धतीचा तपशील मागे यावा, आणि मालकाला नको असलेला निष्कर्ष परिशिष्टात लपवू नये.

उत्तरदात्याचे हक्क हा या ग्रंथातील स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 याने व्यक्तीची माहिती कोणत्या हेतूने घेतली जात आहे हे तिला सांगणे आणि तिची मुक्त, स्पष्ट संमती घेणे हा कायद्याचा भाग केला, आणि 18 वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली. पण कायद्याच्या आधीपासून व्यवसायाने पाळलेला नियम असा की पाहणीच्या निमित्ताने घेतलेले नाव-पत्ते विक्रीसाठी वापरू नयेत, आणि पाहणीचे सोंग घेऊन माल विकू नये. हा नियम मोडणारा एक जण एका संकुलात शिरला की त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक खऱ्या संशोधकाला ते फाटक बंद होते, आणि वर सांगितलेली नमुन्याची उणीव आणखी वाढते.

हा ग्रंथ पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसाठी लिहिला असला तरी लहान उद्योजक, बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या कार्यकर्त्यांनाही तो वापरता यावा म्हणून प्रत्येक पद्धतीबरोबर तिचे कमी खर्चाचे रूप दिले आहे. समाजमाध्यमांवरील मजकुराचे संगणकीय विश्लेषण आणि ऑनलाइन दुकानांच्या व्यवहार-नोंदींचा अभ्यास यांचा समावेश येथे केलेला नाही. ती साधने महत्त्वाची असली तरी त्यांची नमुना-चौकट कोणती आणि तिच्या बाहेर कोण राहते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत विवेचनाच्या आधारे वाचकाला करता येईल. पहिली तीन प्रकरणे ब्रीफ, रिकामी कोष्टके आणि दुय्यम माहिती यांसाठी राखून ठेवली आहेत, आणि नमुना निवडीची सूत्रे चौथ्या प्रकरणापासून सुरू होतात.